स्वतःचं घर घेताय? मग किरायाच्या घराची नोटीस कधी द्यायची

इसार दिला, बँकेनं कर्ज मंजूर केलं, पेढे वाटून झाले, की बहुतेक लोक त्याच आठवड्यात घरमालकाला सांगून मोकळे होतात, ‘पुढच्या महिन्यात घर खाली करतो.’ घोळ इथंच होतो. इसारपावती, कर्जमंजुरीचं पत्र, खरेदीखत आणि चावी या चार वेगवेगळ्या तारखा आहेत. पहिलीपासून चौथीपर्यंत किती दिवस जातील, हे घर विकणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. नोटीस चावीच्या तारखेवरून मागे मोजायची असते. चावीची तारीख दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर अडकलेली असेपर्यंत घरमालकाला तोंडी कल्पना द्या हवं तर, पण तारीख घातलेला कागद देऊ नका.

मराठवाड्यात ही तारीख सगळ्यात जास्त कुठं अडकते? बँकेच्या सर्च रिपोर्टमध्ये. बँकेचा वकील साधारण मागच्या तीस वर्षांचे व्यवहार तपासतो आणि जमिनीचा प्रकार बघतो. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इनाम, मदतमाश, खिदमतमाश अशा, म्हणजे सेवेसाठी किंवा निर्वाहासाठी राज्यानं अटींवर दिलेल्या, जमिनी शहरांच्या आजूबाजूला भरपूर आहेत. पुढे त्यांवर प्लॉट पडले, घरं झाली, तरी मूळ अट सातबाऱ्यावरून गेलेली नसते. सातबाऱ्यावर ‘भू-धारणा पद्धती’ या रकान्यात भोगवटादार वर्ग-२ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) दिसलं, किंवा ‘इतर हक्क’ मध्ये कुळाचा, इनामाचा शेरा दिसला, की वकील थांबतो. परवानगी, नजराणा (त्यासाठी सरकारला भरायची रक्कम), जुना फेरफार, कधी उर्दूतल्या कागदाचं भाषांतर, यात महिने जातात. दुसरी अडचण गुंठेवारीची, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या प्लॉटची. गुंठेवारी नियमित झाल्याचं प्रमाणपत्र नसेल तर बऱ्याच बँका कर्जच देत नाहीत, आणि ‘फाइल टाकलीय, होऊन जाईल’ हे वाक्य म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. सिडको किंवा म्हाडाचं लीजवरचं घर असेल तर हस्तांतरणाची परवानगी वेगळी.

कर्जमंजुरीचं पत्र यातलं काहीच सोडवत नाही. ते तुमच्या पगारावर आणि परतफेडीच्या ऐपतीवर निघतं. घराची छाननी पुष्कळदा त्यानंतर सुरू होते. तेव्हा मंजुरीपत्र पाहून नोटीस देणं म्हणजे पाऊस न बघता पेरणी करणं.

जुनं घर विकत घेत असाल तर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. विकणाऱ्याच्या अंगावर त्याच घराचं कर्ज आहे का? असेल तर तुमच्या बँकेचे पैसे आधी त्याच्या बँकेत जातात, मग मूळ कागद सुटतात. पूर्ण फेड झाल्यावर ३० दिवसांत मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. म्हणजे नियमातच तीस दिवस धरलेले आहेत, तुम्हीही धरा. दुसरं, विकणारा सध्या राहतो कुठं? तो त्याच घरात राहत असेल तर तोही कुणाच्या तरी चावीची वाट बघतोय. त्याच्या नव्या घराचा गुत्तेदार रेंगाळला की तुमचा टेम्पो रस्त्यात उभा. अशा वेळी ताब्याची तारीख साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या करारात, लिहून घ्यायची, आणि खरेदीखताच्या आदल्या दिवशी घर प्रत्यक्ष रिकामं झालेलं डोळ्यांनी बघायचं. रजिस्ट्री कार्यालयात बँकेचा डीडी एकदा त्याच्या हातात गेला की मग ‘चार दिवसांत सोडतो’ याला आपल्याकडं उत्तर उरत नाही. त्या घरात किरायदार असेल तर आणखी सावध. त्याची नोटीस संपल्याशिवाय तुमची सुरू करू नका.

बिल्डरकडून नवा फ्लॅट असेल तर एकच कागद बघायचा, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला योग्य असल्याचा सरकारी दाखला. रेरा, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांसाठीच्या कायद्यानुसार, ते मिळाल्यापासून दोन महिन्यांत ग्राहकानं ताबा घ्यायचा असतो. हे दोन महिने आपल्या कामाचे आहेत, नोटीस त्यात आरामात बसते. ‘फर्निचरसाठी चावी घेऊन जा’ असं बिल्डर म्हणतो तेव्हा तो ताबा नसतो. तिथं लाईट बऱ्याचदा बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर, पाणी टँकरचं, लिफ्ट बंद. सुताराला तेवढ्यावर काम करता येतं, संसार मांडता येत नाही. आणि आपल्याकडं रो-हाऊस फार. आठ किंवा त्याहून कमी घरांचा प्रकल्प रेराच्या नोंदणीतून सुटतो, म्हणजे चार-सहा रो-हाऊसच्या रांगेत ‘दिवाळीला देतो’ हे निव्वळ तोंडी वचन असतं. तिथं नोटीस द्यायची ती रंगारी शेवटचा हात मारून गेल्यावरच.

आता किरायाचा करार काढा. तीन गोष्टी शोधायच्या: पूर्वसूचना किती दिवसांची, लॉक-इन किती महिन्यांचा, आणि महिना कोणत्या तारखेपासून धरलाय. आपल्याकडं करार बहुधा ११ महिन्यांचा, सूचना एक महिन्याची. लॉक-इन म्हणजे तेवढ्या काळात सोडलं तरी उरलेल्या महिन्यांचा किराया मागता येतो. सहा महिन्यांचा लॉक-इन असेल आणि चौथ्या महिन्यात चावी मिळणार असेल, तर घरमालकाला आत्ताच भेटून, बदली किरायदार आणून देतो म्हणून सोडवून घ्या. हे काम नोटिशीनं होत नाही, चहानं होतं.

पुष्कळ करार स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेले असतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायदाराचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलं जातं. ऐकायला छान आहे, पण वीस हजारांच्या डिपॉझिटसाठी कोर्टाची पायरी कोण चढतं? तेव्हा कायदा खिशात ठेवा आणि व्यवहार कागदावर करा.

करार संपून दोन-चार महिने झालेत आणि तसंच राहताय, अशी घरं तर गल्लोगल्ली. ‘आता करारच नाही, मग नोटीस कशाची’ असं वाटतं. पण त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून घरमालक दुप्पट भाडं मागू शकतो. किराया घेत राहिलेला माणूस सहसा तिथवर जात नाही, तरी ‘ऑगस्टअखेरपर्यंत याच किरायावर राहायला हरकत नाही’ एवढा एक मेसेज त्यांच्याकडून मागवून ठेवा. उलट करार संपायला आला असेल आणि चावीला तीन महिने असतील तर पुन्हा ११ महिन्यांचा बांधून घेऊ नका. कमी महिन्यांचाही करार नोंदवता येतो. नाहीतर लॉक-इनशिवायचा करा.

तारखेचा हिशोब असा. करार १२ तारखेला सुरू झालेला, किराया १ तारखेला देता. तुम्ही २० जूनला नोटीस लिहिली, त्यांना २२ ला मिळाली. तुमच्या मते २२ जुलैला महिना भरला; घरमालक म्हणतो महिना १ तारखेपासून धरतो, म्हणजे ३१ जुलै. भांडण नऊ दिवसांच्या किरायाचं, पण त्यापायी पूर्ण डिपॉझिट अडकतं. सरळ महिनाअखेरची तारीख घाला आणि नोटीस आदल्या महिन्याच्या २५ च्या आत पोचवा. दिवस मोजायचे ते पोचल्यापासून, लिहिल्यापासून नाही.

दोन्ही घरं एक महिना हातात असली तर त्याला वायफळ खर्च म्हणू नका. २५ लाखांचं कर्ज, २० वर्षं, साडेआठ टक्के व्याज धरलं तर हप्ता साधारण २१,७०० रुपये पडतो. किराया ९,००० असेल तर त्या एका महिन्यात ३०,७०० जातात. हे आधीच बाजूला काढून ठेवा. याउलट घाईनं घर सोडलं तर सामान एकदा नातेवाइकाकडं, मग नव्या घरात, म्हणजे टेम्पो दोनदा, हमाली दोनदा, आणि सुतार-पेंटरच्या धुळीत संसार. भिंतीला पुट्टीचे दोन हात, घासकाम, प्रायमर, रंगाचे दोन हात, मध्ये वाळायला वेळ. दोन बेडरूमच्या घराला उन्हाळ्यात आठ-दहा दिवस, पावसाळ्यात त्याहून जास्त. सेफ्टी ग्रिल आणि डासांच्या जाळ्या माप घेतल्यावर बनून येतात. ओट्याखालच्या ट्रॉल्यांना तीन आठवडे सहज. इन्व्हर्टरची वायर रंगाच्या आधी ओढायची, नंतर भिंत पुन्हा फोडावी लागते.

आणि पाणी. बाकी सगळं सोडा, पण या महिन्यात पाणी नक्की तपासा. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. संभाजीनगरात जायकवाडीत पाणी असतं तेव्हाही नळ काही दिवसांआडच येतो. घर पावसाळ्यात बघितलं असेल तर शेजारच्या काकूंना विचारा, मे महिन्यात बोअर किती वेळ चालतो, टँकर लागतो का, नळ कितव्या दिवशी. मग गणित करा. चौघांचं घर, माणशी १०० लिटर, दिवसाला ४००. नळ सहा दिवसांआड असेल तर जवळपास २,४०० लिटर साठवण हवी. गच्चीवरच्या १,००० लिटरच्या टाकीत ते बसत नाही. खाली हौद आणि त्यातून वर चढवणारी मोटार, हे काम राहायला जाण्याआधी उरकतं. नंतर अंगण खोदायला घेतलं की घरातल्यांचे हाल. किरायाच्या घरी घरमालकाचा बोअर होता, म्हणून हा विचार आजवर करावा लागला नव्हता, एवढंच.

मुहूर्तामुळंही तारखा सरकतात, तेव्हा तो आधीच बघून ठेवा. आषाढात, पौषात, अधिक महिन्यात घरभरणी करायला घरचे तयार होत नाहीत. भाद्रपदात तर पेचच असतो: ज्यांच्याकडं महालक्ष्म्या बसतात त्यांना त्या स्वतःच्या वास्तूत बसवायची हौस असते, आणि त्यांचं विसर्जन होऊन काही दिवस गेले की लगेच पितृपक्ष. गणपतीच्या आधी नाही जमलं तर थेट नवरात्र. त्यात चावी श्रावणाच्या शेवटी मिळाली तर? मुहूर्तावर कलश नेऊन, दूध उतू घालून, एक रात्र मुक्काम करून घ्यायचा, आणि सामान सावकाश महिनाअखेरीला हलवायचं. नोटीस सामानाच्या तारखेची द्यायची, पूजेच्या तारखेची नाही. वास्तुशांतीच्या पाहुण्यांसाठी भांडी-गाद्या अर्ध्या तिकडं अर्ध्या इकडं, असं काही दिवस चालतंच.

हंगामाचाही फायदा असतो. लातूर, नांदेडला शिकवण्यांच्या आसपासची घरं दहावीच्या निकालानंतर, मे-जूनमध्ये, हातोहात जातात. तेव्हा सोडलं तर घरमालक खूश आणि डिपॉझिट वेळेवर. कार्तिकात सोडलं तर नवा किरायदार मिळेपर्यंत तो चालढकल करणार, कारण डिपॉझिट त्यानं केव्हाच वापरलेलं असतं.

आधी घरी जाऊन तोंडी सांगायचं, पेढ्यांसकट. खाली काका-काकू राहत असतील आणि त्यांना बातमी टेम्पोवाल्याकडून कळली तर ते मनाला लावून घेतात. कागद त्यानंतर दोन-तीन दिवसांत. ‘अहो, कागद कशाला, तुम्ही तर घरचेच’ असं ऐकावं लागेल. ‘तारखेचा घोळ नको, काका, म्हणून’ एवढं म्हणून दोन प्रती पुढं करायच्या, एकीवर तारखेसह सही घ्यायची. सही टाळली तर तोच कागद फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर आणि पोचपावती मागून स्पीड पोस्टानं. मजकूर एवढा पुरे:

प्रति, श्री. ………, घरमालक
विषय: भाड्याचे घर रिकामे करण्याची पूर्वसूचना
महोदय,
आपल्या मालकीचे ……… येथील घर मी दि. ……… च्या करारानुसार वापरत आहे. करारातील कलम ……… प्रमाणे एक महिन्याची पूर्वसूचना देत आहे. मी दि. ३१ जुलै रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत घर रिकामे करून सर्व चाव्या आपल्या ताब्यात देईन. त्या दिवसापर्यंतचे भाडे व वीजबिल माझ्याकडे राहील. दि. २५ ते २८ जुलै या काळात आपल्या सोयीने घराची पाहणी करावी. अनामत रक्कम रु. २०,००० मधून काही वजावट असल्यास तिचा लेखी हिशोब द्यावा आणि उर्वरित रक्कम चाव्या घेतेवेळी खालील खात्यात जमा करावी, ही विनंती.

का सोडतोय हे लिहायची गरज नाही. ‘साधारण महिनाअखेर’ असं लिहू नका. आणि शेवटचा किराया डिपॉझिटमधून परस्पर वळता करू नका. बऱ्याच करारांत ते चालत नाही आणि चांगले संबंधही त्यावरून बिघडतात. डिपॉझिट परत मिळण्याची खरोखरच शंका असेल तर ‘जुलैचा किराया डिपॉझिटमधून धरायला हरकत नाही’ असं त्यांच्याकडून लिहून घ्या, मग करा.

पाहणी मात्र सामान हलवण्याआधी चार दिवस करायची, म्हणजे दुरुस्तीला वेळ राहतो. आपल्याकडच्या घरांत भांडणाच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली, कूलरची खिडकी. स्टँडखालून भिंतीवर गंजाचा तांबूस ओघळ आणि चौकटीभोवती पांढऱ्या क्षारांची खपली. खपली कोरड्या पत्र्यानं खरवडून, ओल्या फडक्यानं पुसून, वाळू द्यायची आणि मगच पुट्टी लावायची. ओल्या भिंतीवर लावलेली पुट्टी आठवड्यात फुगते आणि घरमालकाला ओल तुमच्यामुळं आली असं वाटतं. दुसरी जागा, नळ आणि बाथरूमची फरशी. बोअरच्या जड पाण्यानं नळाच्या तोंडाशी पांढरे थर बसतात. ते काढायला लोक अ‍ॅसिड ओततात. चकचकीत टाइल्सला पातळ अ‍ॅसिड एकवेळ चालतं, पण शहाबादी फरशीला कधीही लावू नका. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, अ‍ॅसिड पडताच फेसाळतो, पॉलिश उडून तिथं कायमचा खडबडीत पांढरा डाग राहतो. व्हिनेगर आणि लिंबूही तेच करतात, फक्त हळू. तिथं साबणाचं पाणी आणि नारळाच्या काथ्याचा ब्रश. नळाच्या जाळ्या फिरवून काढा आणि व्हिनेगरमध्ये वेगळ्या भिजवा. खिळ्यांची भोकं पुट्टीनं भरून घासून द्या. सगळ्या घराच्या रंगाचे पैसे मात्र कुणी मागितले तर कराराचं कलम बघा. तीन वर्षं राहिल्यावर रंग फिका पडणं ही नेहमीची झीज आहे, नुकसान नव्हे.

लाईट बिलाचं रीडिंग महिन्यात मध्येच कधीतरी होतं, म्हणून शेवटचं बिल तुम्ही गेल्यावर येतं. निघायच्या दिवशी मीटरचा फोटो घ्या, त्यात मीटर क्रमांक आणि युनिटचा आकडा दोन्ही दिसले पाहिजेत. मीटर आळीपाळीनं वेगवेगळे आकडे दाखवतो. केडब्ल्यूएच लिहिलेला आकडा तेवढा आपला. मागच्या बिलात ४३१२ होतं, आज ४४२१ आहे, तर १०९ युनिट तुमचे. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट कमी दरानं आणि पुढचे वरच्या दरानं लागतात, म्हणजे वरचा दर फक्त नऊ युनिटांना. घरमालक सगळे १०९ वरच्या दरानं लावत असेल तर हे त्याला बिलावर बोट ठेवून दाखवा. नव्या घरात उलटी तपासणी करायची. खरेदीखताआधी शेवटचं बिल, मालमत्ता कर आणि नळपट्टीच्या पावत्या मागा. आधीच्या मालकाची विजेची थकबाकी वीज कंपनी तुमच्याकडं मागू शकते. नाव बदलायचा अर्ज पुढं ढकलू नका.

गॅसचं, त्याच गावात घर बदललं तर सिलिंडर-रेग्युलेटर सोबत न्यायचे, एजन्सीत पत्ता बदलायचा. दुसऱ्या गावी निघालात तर ते जमा करून, डिपॉझिट परत घेऊन, ट्रान्सफरचा कागद न्यायचा. मतदार यादीसाठी अर्ज क्रमांक ८. पगारदार असाल आणि घरभाडे भत्त्याची सूट घेत असाल तर किरायाच्या पावत्या निघण्याआधीच सही करून घ्या, आणि वर्षाचा किराया एक लाखाच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन क्रमांकही. मार्चमध्ये ऑफिसनं मागितल्यावर जुन्या घरमालकाला फोन लावणं अवघड जातं, विशेषतः डिपॉझिटवरून बोलाचाली झाली असेल तर.

चाव्या देताना किती दिल्या ते लिहून घ्या: दाराच्या, गेटच्या, गच्चीच्या, मोटारीच्या खोलीच्या. ‘चाव्या मिळाल्या, घर ताब्यात घेतलं, इतके रुपये दिले, इतके बाकी’ या एका ओळीवर तारीख आणि सही. बाकी राहिलेल्या रकमेची तारीखही त्याच ओळीत घाला, आणि ती तारीख उलटल्यावर दुसऱ्याच दिवशी आठवण करा.